माझी स्कूटी कुठे उभी होती

मंडळी, आज मी फूलबागेजवळच्या एका संस्थेत गेले होते. कर्जात अडकलेल्यांना तिथे फुकट सल्ला देतात.

तिथल्या बाईंनी आमची क्रेडिट कार्डं, पर्सनल लोन, सगळं बघितलं. बँकांशी बोलून हप्ता कमी करून घेऊ म्हणाल्या. एकदाही उपदेश केला नाही. बाहेर आले आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

घरी पोचते तर वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई जिन्यातच उभ्या.

"तुझी स्कूटी दिसली मला तिथे! सरदारांच्या घरची सून खैरात मागायला जाते? नाक कटवा दी तूने!"

नणंदेच्या लग्नात "आपण सरदार, बग्गी तर हवीच" म्हणून हटून बसलेल्या याच. त्या बग्गीचे, बँडचे, जेवणावळीचे हप्ते आम्ही अजून भरतोय. यांनी एक रुपया काढला नाही.

वसुलीवाले आमच्या दारात उभे राहून शिव्या घालायचे, तेव्हा वरची एकही खिडकी कधी उघडली नाही. फूलबागेजवळची माझी स्कूटी मात्र बरोबर दिसली.

गुरुवारी परत बोलावलंय. सांगा, स्कूटी लांब लावू का?