चुलतीची सही

आमच्या चुलतीवर अन्याय झाला तो तिला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. आम्ही स्मशानात तिची राख सावडत होतो आणि त्याच मिनिटाला गावात ती सही करत होती.

स्वतःच्या सहीवर एवढा जीव लावणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. सरपंच झाल्यावर तिला कॉम्प्युटरला लावून सही करायचा डोंगल मिळाला. बोटाएवढा, आत चिप. इतर गावांत तो पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर सरपंचबाईच्या नवऱ्याच्या खिशात असतो, आणि लाज कुणालाच वाटत नाही. चुलतीनं तो मंगळसूत्रात ओवला. पिन टाकायची वेळ आली की ऑपरेटर, शिपाई, मी, सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करायचं. भिंतीवरच्या महापुरुषांच्या फोटोंवरसुद्धा ती टॉवेल टाकायची. "भरवसा हाय त्यांच्यावर, पण डोळे उघडे हायेत की!"

मला सांगायची, "सहीची किल्ली चिपच्या आतच ऱ्हाती. मलाबी दिसत न्हाई. पिन टाकला की आतूनच सही करती. जिवासारखी हाय बघ." मग डोळे मिचकावून म्हणायची, "मी मेले की डोंगल माझ्यासंग जाळ. न्हाईतर माझं भूत सह्या करीत फिरंल." मी हसत हो म्हणालो होतो.

एक सही तिनं वर्षभर दिली नाही. पिण्याच्या पाण्याची विहीर पूर्ण झाल्याची. विहीर खणलीच नव्हती, नुसतं बिल निघायचं होतं. चुलता डाफरायचा, "तुला काय करायचंय?" ती म्हणायची, "बादली सोडून दावा, लगेच करते."

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तापात ती बरळायला लागली. नुसते आकडे, पुन्हा पुन्हा, त्याच क्रमानं. मला वाटलं, विहिरीचा दोर मोजतेय. चुलता पायाशी बसला होता. तिच्या ओठांबरोबर त्याचेही ओठ हलत होते.

तिरडीवर त्यानं सोनं राहू दिलं, डोंगल तेवढा सोडून घेतला. मी बघत होतो. तसाच तिरडीला खांदा दिला. राख सावडायला तो आला नाही, गुडघे दुखतात म्हणाला.

आता कागदावर तिचं नाव, राख सावडल्याची तारीख, अकरा दहाची वेळ, आणि विहीर पूर्ण. विचारलं तर चुलता म्हणतो, "मेलेल्या माणसापायी गावची कामं थांबवू का बे?"

विहीर असायला हवी त्या माळावर भर दुपारी उभा राहिलो, की पायाखालून कोरडी बादली आपटल्याचा आवाज येतो. चुलती अजून तपासत असेल.

तुमच्या गावात सरपंचबाई आहे ना? उठा, तिच्या घरी जा, डोंगल कुठंय विचारा. नवऱ्याच्या खिशात निघाला तर तिच्या हातात पडेपर्यंत दारातून हलू नका. ती जिवंत आहे तोवर जा.