दहावं फडकं

“हे दहावं,” काकू म्हणाल्या.

मी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिलो. ऐकू आलं नाही असं दाखवलं. स्पीडबोट चालवणाऱ्याला ही एक सोय असते. इंजिन एवढं ओरडतं, की नको ते ऐकू न येण्याचा हक्क आपोआप मिळतो.

काकू पुढे सरकून माझ्या कानाशी आल्या. “मेश्रामभाऊ, दहावं फडकं आहे हे. निघताना तुम्ही नऊ म्हणाले होते.”

काकू नागपूरच्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. अशा बाईला आकडा सांगताना माणसानं जरा विचार करावा. मी केला नव्हता.

आधी माझी ओळख देतो, म्हणजे पुढच्या मूर्खपणाचा हिशेब लागेल. मी जबलपूरचा. वडील विदर्भातून फॅक्टरीच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. मी रिछाईच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलायला शिकलो. जोडायलाही शिकलो, पण ते नंतर. मग बरगीच्या जलाशयावर टूरचा धंदा काढलेल्या तिवारीजींकडे बोट ऑपरेटर म्हणून लागलो. ऑपरेटर म्हणजे ड्रायव्हर, मेकॅनिक, गाइड आणि शिव्या खाणारा, चारही.

तिवारीजी एकदा थायलंडला जाऊन आले आणि येताना कल्पना घेऊन आले. “ट्रॉपिकल आयलंड टूर, फुल डे.” पॅम्फलेटवर निळा समुद्र आणि वाकलेली नारळाची झाडं. आमची बेटं म्हणजे टेकड्यांचे माथे. धरण भरलं तेव्हा टेकड्या गळ्यापर्यंत बुडाल्या, डोकी वर राहिली. त्यावर साग, बोरी, माकडं. नारळ एकही नाही.

“तिवारीजी, लोक नारळ मागतील,” मी म्हटलं होतं.

“अरे मेश्रामजी, बीच में इतनी स्पीड रखो कि पेड़ दिखे ही नहीं.”

आता थोडं कामाचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या टापूच्या, म्हणजे बेटाच्या, मधला पट्टा वाईट. तिथे बुडालेल्या झाडांचे वठलेले शेंडे आहेत. पावसाळ्यानंतर पाणी भरपूर असतं, तेव्हा बहुतेक शेंडे खाली. मग पाणी रोज थोडं थोडं उतरतं, आणि दिवाळीला जे झाड हातभर खाली होतं ते होळीच्या सुमाराला वर डोकं काढतं. अर्धवट बुडालेला शेंडा बोटीचा शत्रू. म्हणून मी सुरक्षित रस्त्यावरच्या नऊ शेंड्यांना लाल फडकी बांधली होती. नियम सोपा. फडकं डाव्या हाताला ठेवायचं, नवव्याला उजवीकडे वळायचं, समोर तिसरा टापू.

फडकी बायकोच्या जुन्या साडीची. लाल, त्यावर पांढरे ठिपके.

“काहून फाडून राहिले माझी साडी?” ती म्हणाली होती.

“नॅव्हिगेशन,” मी म्हटलं.

“तुमच्या तोंडाला बांधा एक.”

तेव्हा ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

कारण पहिल्याच ट्रिपला एका सवारीनं विचारलं, ती लाल फडकी कसली? आता ट्रॉपिकल आयलंडच्या टूरवर “बायकोची साडी” असं सांगायला मला बरं वाटेना. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “इथे खाली गाव आहे. बुडालेलं. गावची नऊ घरं अजून येतात आणि आपापल्या घराच्या जागी लाल फडकं बांधून जातात. आपलं घर हरवू नये म्हणून.”

एका बाईनं हात जोडले. त्या दिवशी नारळाचं नाव कुणी काढलं नाही.

गाव खाली होतं हे खरं. बाकी सगळं माझं. पण गोष्ट चालली, म्हणून मी ती सगळा सीझन चालवली. हळूहळू तिला पाय फुटले. कधी फडक्याजवळ घंटा ऐकू येई, कधी चुलीचा वास येई. माझ्या घरी भुताखेतांना जागा नाही. वडील दर रविवारी विहारात न्यायचे आणि वाटेत एकच सांगायचे, “घाबरायच्या आधी कारण शोध.” त्यांचा मुलगा भुतं तयार करून लोकांना वाटत होता.

तर त्या दिवशी. होळीच्या आधीचा आठवडा. काका, काकू आणि त्यांच्या घरची सहा माणसं. काकांना पोहता येत नव्हतं. त्यांनी स्वतः आणलेलं लाइफ जॅकेट धरण यायच्या कितीतरी आधी, तिलवाऱ्याच्या पुलावरच, गाडीत बसल्या बसल्या घातलं होतं. पाण्यावर सकाळची पांढरी वाफ अजून उठत होती. टापू दिसत नव्हते, शेंडे जवळ आल्यावरच दिसत. मी मागे वळून चुलीच्या वासाचा भाग सांगत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून लाल दिसलं की डावीकडे ठेवत होतो.

“दहावं,” काकू म्हणाल्या, तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. नवव्याला वळायचं राहून गेलं होतं.

त्या फडक्यावर ठिपके नव्हते.

नवं कापड होतं. गडद लाल, कडेला सोनेरी किनार. गाठ माझ्यासारखी ढिसाळ नव्हती. कुणीतरी वेळ घेऊन, नीट, दोनदा फिरवून बांधलेली गाठ होती.



“अकरावं,” काकू म्हणाल्या. “आणि ते बघा तिकडे, बारावं.”

शहाण्या माणसानं इथे इंजिन बंद केलं असतं आणि सांगितलं असतं की रस्ता चुकलो. पण मग फडकी कुणाची, हेही सांगावं लागलं असतं. खोटं पकडलं जाण्याची भीती भुताच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. मी म्हणालो, “यंदा तीन घरं वाढली असतील,” आणि तसाच पुढे गेलो.

तेरावं. चौदावं. आता ती ओळीत नव्हती. दोन्ही बाजूंना होती, समोर होती. जणू आम्ही एखाद्या गल्लीत शिरत होतो.

मग खालून धाडकन आवाज आला. इंजिन किंचाळलं आणि बोट जागच्या जागी थांबली.

बाहेर लावायच्या इंजिनात पंख्याच्या दांड्यात एक पितळी खिळा असतो. त्याला शिअर पिन म्हणतात. पंखा कशावर आपटला की ही पिन स्वतः तुटते आणि पंखा, गिअर वाचवते. म्हणजे तुटणं हेच तिचं काम. तुटली की दुसरी घालायची, पाच मिनिटांचं काम. म्हणून ऑपरेटरनं दोन पिना जवळ ठेवायच्या. मीही ठेवल्या होत्या. धक्क्यावरच्या आमच्या ऑफिसच्या दाराची कडी सैल झाली होती, तिच्यात.

इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली ती मला आजही आठवते. पक्षी नाही, वारा नाही. पांढरी वाफ, काळे शेंडे, लाल फडकी.

आणि खालून आवाज. टक. टक. टक.

बोटीच्या तळाला कुणीतरी बोटाच्या पेरांनी वाजवावं तसा. दाराशी आलेला माणूस वाजवतो तसा.

काकांनी डोळे मिटून घेतले. “हे तुमच्या गोष्टीतलं आहे का हो?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य.

आता खरी अडचण सांगतो. या जलाशयावर ऊन चढलं की वारा सुटतो. उघड्या पाण्यात त्याचं काही नाही. पण शेंड्यांच्या मधोमध इंजिन बंद पडलेल्या फायबरच्या बोटीला वारा एकेका शेंड्यावर नेऊन आपटतो. फायबर फुटतं. आठ माणसं, त्यात तिघांना पोहणं माहीत नाही, आणि तेव्हा तिथे मोबाइल लागत नसे. तिवारीजी संध्याकाळपर्यंत आमचा शोध घेणार नव्हते. टूरच फुल डे होती.

मी वल्हं मारून बघितलं. बोट जरा फिरली आणि परत तिथेच आली. खाली कशात तरी अडकली होती. टक. टक.

“कारण शोधा, भाऊ,” काकू म्हणाल्या. काकूंचं तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज शाळेतला होता. मला विहाराच्या वाटेवरचे वडील आठवले.

तेवढ्यात वाफेतून एक माणूस आला. आधी फक्त वल्ह्याचा आवाज, मग डोकं, मग चपटी लाकडी डोंगी. धक्क्यावर मासे विकायला बसणारा मंगल बर्मन, सत्तरीचा म्हातारा. मी त्याला रोज बघायचो. त्याच्याशी कधी दोन शब्द बोललो नव्हतो.

तो जवळ आला, पाण्यात वाकून बघितलं आणि अगदी साधेपणानं म्हणाला, “आप लोग हमारे आँगन में खड़े हैं.”

काकांनी डोळे उघडून खाली पाण्याकडे बघितलं.

“नाव हमारे नीम पे टिकी है. डाल बज रही है नीचे.” त्यानं वल्ह्यानं उजवीकडे दाखवलं. “वो भैया का घर. वो मंदिर. उधर कुआँ था, उधर मत जाना.”

जिकडे जिकडे त्याचं वल्हं गेलं तिकडे लाल फडकं होतं.

मी विचारलं, “दादा, ये कपड़े… कब से बाँधते हैं आप लोग?”

“इसी साल से.” तो जरा ओशाळला. “आपकी सवारी लोग घाट पे हमसे पूछते थे, दादा, आपके घर का कपड़ा कौन सा है? हम क्या बोलते? हमने तो कभी बाँधा नहीं. बहुत शरम आई. लगा, कोई नौ घर याद रख रहे हैं और हम भूल के बैठे हैं. तो पानी उतरा तो हम सब आए, अपने अपने पेड़ पे बाँध गए.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. गणिताच्या बाईंना उत्तर कळलं होतं. मी फळ्यासमोर उभा होतो.

मी सांगून टाकलं. मराठीत काकूंना, हिंदीत दादांना. नऊ घरं नव्हती. बायकोची साडी होती. घंटा नव्हती, चूल नव्हती. बोलताना मी दादांच्या पायांकडे बघत होतो.

मंगलदादानं वल्हं डोंगीत आडवं ठेवलं. खालून टक टक चालूच होती.

“चलो,” तो शेवटी म्हणाला. “बात आपने झूठ बताई. पर घर तो सच्ची के थे न.”

मग त्यानं विचारलं, “क्या टूटा है?”

मी तुटलेल्या पिनेचा तुकडा दाखवला. त्यानं तो बोटांत फिरवला आणि डोंगीच्या बसायच्या फळीतून एक जुना चौकोनी खिळा उपटून काढला. “घर छोड़ा तो दरवाज़ा खोल के ले आए थे. उसी की डोंगी बनाई. ये दरवाज़े का खीला है. चलेगा?”

बोट त्याच्या कडुनिंबावरून ढकलून सोडवली. मी इंजिन वर उचललं, मागे ओणवा झालो, करवतीच्या पात्यानं खिळा कापला, घासला आणि पंख्यात घातला. तोल जाऊ नये म्हणून काकूंच्या जावयानं माझा पट्टा धरून ठेवला. लोखंडी खिळा पितळेसारखा तुटत नाही. पुन्हा आपटलं असतं तर गिअर गेला असता आणि मग कुणाचंच दार कामाला आलं नसतं. म्हणून मंगलदादा पुढे, आम्ही मागे, चालण्याच्या वेगानं. तो मध्येच वल्हं आडवं धरायचा. आम्ही थांबायचो. मग तो वळायचा. पाण्यावर काहीच नसे, पण तो गल्लीतून वळावं तसा वळायचा. कुणाच्या तरी घराला वळसा घालून.

उघड्या पाण्यात पोचलो तेव्हा वारा सुटला होता. मागे शेंड्यांवर लाटा फुटत होत्या. काकांनी जॅकेट जबलपूरला हॉटेलात जाऊन काढलं, असं नंतर कळलं.

धक्क्यावर तक्रारवही असे. काकूंनी लिहिलं: “नारळ दिसला नाही. चालकाला मोजता येत नाही. म्हातारबांना गाइड म्हणून ठेवावे.”

तिवारीजींनी सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. “मेश्रामजी, ये तो हॉन्टेड आयलंड हो गया! पैम्फलेट में डाल दें?”

“मला काढून टाका आणि मग घाला,” मी म्हटलं. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. मंगलदादाला मात्र बोटीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दादा माझी फडकी सोडायला गेलो. रस्ता आणि घरं वेगळी दिसावीत म्हणून त्यांच्या जागी पिवळी बांधायची होती. घरात पिवळी साडी नव्हती, म्हणून माझा लग्नातला शर्ट गेला. बायकोनं स्वतःहून कात्री आणून दिली.

पहिली तीन फडकी सोडली. चौथ्या शेंड्यापाशी आलो आणि माझा हात थांबला.

ठिपक्यांचं फडकं, माझंच, माझ्याच ढिसाळ गाठीचं. पण त्याच्या खाली फांदीच्या बेचक्यात नारळ ठेवला होता. ताजा. त्याला कुंकू लावलेलं. आमच्या सगळ्या ट्रॉपिकल टूरमधला पहिला नारळ.

“दादा, इथे कुणाचं घर होतं?”

मंगलदादा बघत राहिला. “इधर? इधर तो नाला था. घर किसी का नहीं था.”

“मग हे कुणी ठेवलं?”

त्यानं डोंगी जरा मागे घेतली. “जिसका होगा, वो आता होगा,” तो म्हणाला.

मी कारण शोधलं. सीझनभर शोधलं. सापडलं नाही.

शिअर पिना आता माझ्या खिशात असतात, सहा. रस्त्याच्या खुणा पिवळ्या आहेत, आठ. चौथी लालच ठेवली आहे. सवारी विचारते, ती एकच लाल का हो? मी सांगतो, माहीत नाही. आणि तिच्यापाशी इंजिन हळू करतो.