का मारलं ते माहीत नाही

माझी मावशी शरदिनी पावगी बनारसच्या रेल्वे स्टेशनवर एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसली. थंडीत गाडी नऊ-नऊ तास उशिरा यायची आणि माणसं खिडकीवर तुटून पडायची. का उशीर झाला, धुकं की इंजिन, चूक कुणाची? शेजारचे बाबू काहीतरी ठोकून द्यायचे. मावशी म्हणायची, "कारण अभी आया नहीं है. आएगा तो बताएँगे." लोक चिडायचे, पण पुन्हा तिच्याच खिडकीशी यायचे.

तिनं लग्न केलं नाही. संकठा घाटाजवळच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या आहेत. बँकेनं माझी इथे बदली केली तेव्हा मी चार दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे उतरले, त्याला आता सहा वर्षं झाली. "मधुरा, कपडे सुखले असतील, समेटून घे गं," असं तिचं मराठी. सांगलीची माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, त्यावरून तिला फार चिडवते.

गेल्या कार्तिकात एका सकाळी मावशी आईशी फोनवर बोलत दूध आणायला निघाली. आई काहीतरी मजेचं सांगत होती आणि ही गल्लीभर ऐकू जाईल असं हसत होती. समोरून आलेल्या अनोळखी माणसानं हातातली लोखंडी सळई तिच्या डोक्यात घातली. दुसरा घाव तिनं हातावर घेतला, हात मोडला. तिसरा बसायच्या आत कुशल धावला. कुशलचं लेस-बटणांचं दुकान आहे, आमच्या घरापासून चौथं. त्यानं सळई हिसकावली आणि पळणाऱ्या माणसाकडे पाहून ओरडला, "अब बोल! बोल अब!"

तेवढंच कुणीतरी वरच्या खिडकीतून टिपलं. अकरा सेकंद. मारणारा चौकटीबाहेर गेलेला. खाली रक्तात पडलेली म्हातारी, तिच्यापाशी सळई घेऊन ओरडणारा कुशल, आणि जमिनीवरच्या फोनमधून आईचा घाबरलेला आवाज, "ताई, काय झालं गं? ताई!"

मावशीला टाके पडत होते तोवर हा व्हिडिओ महाराष्ट्रात पोचला होता. काशीत मराठी बोलली म्हणून म्हातारीला मारलं, असं त्याखाली लिहिलेलं. त्याला इकडून उत्तर आलं की हे सगळं खोटं, गळ्यातल्या साखळीसाठी झालं. तिसऱ्यांनी धर्म आणला. एका वाहिनीवर संध्याकाळी चार माणसं तासभर भांडली. घाटाजवळचं घर बळकावण्याचा डाव आहे, असं त्यातल्या एकानं छातीठोक सांगितलं. घर भाड्याचं आहे.

पुण्याहून माझ्या भावाचा, वेदांतचा फोन आला. तो रडत होता. "मावशी, मी पोस्ट टाकलीय. हजारो लोकांनी पुढे पाठवलीय. तू फक्त एकदा सांग, मराठी बोललीस म्हणून मारलं."

"तो असं बोलला नाही रे."

"मग का मारलं?"

"माहीत नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की डोकं फार दुखतंय. आणि तो व्हिडिओतला माणूस कुशल आहे. त्यानं मला वाचवलं. ते आधी काढून टाक."

वेदांतनं पोस्ट काढली, पण तोवर ती त्याची राहिली नव्हती. कुशलचा नंबर कुणीतरी शोधून काढला. धमक्या सुरू झाल्या. त्याच्या दोन्ही मुली शाळेत जाईनात. गल्लीला खरं माहीत होतं, पण फोन गल्लीतून येत नव्हते. त्यानं दुकानाचं शटर ओढलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर मावशीनं कुशलला शेजारी बसवून एक व्हिडिओ केला: हा कुशल, यानं वाचवलं, मारणारा दुसरा, कारण माहीत नाही. तो जेमतेम चारशे लोकांनी पाहिला. त्याखाली कुणीतरी लिहिलं, म्हातारीवर दबाव आहे.

"दबाव!" मावशी म्हणाली. "माझ्यावर तर मधुराचापण चालत नाही."

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ती कुशलच्या दारात गेली. "शटर उठाओ."

"मौसीजी, लोग..."

"आने दो. हम बैठेंगे."

आणि ती बसली. रोज दहा ते एक, दुकानाच्या पायरीवर, डोक्याला पट्टी, मांडीवर रिळांचा डबा. डाव्या हातानं रिळं रंगांप्रमाणे लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, पत्रकारांनाही, तेच सांगायची. एक पत्रकार फारच मागे लागला, तेव्हा तिनं त्याला दोन मीटर लेस घ्यायला लावली.

मारणारा आठवड्यात सापडला. आदल्या दिवशी त्यानं एका रिक्षावाल्यालाही मारलं होतं. पोलिसांना तो रोज वेगळं सांगायचा. एकदा म्हणाला, बुढिया मुझ पर हँस रही थी. कोर्टानं त्याला डॉक्टरांकडे पाठवलं आहे, खटला अजून चालू आहे.

हे कळलं त्या दिवशी मावशी म्हणाली, "हसत तर होते मी. पण त्याच्यावर नाही. त्याला तसं खरंच वाटलं असेल, की त्यानं मागाहून जोडलं? कसं कळणार?" आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. पुढे महिनाभर तिनं आईला फोन फक्त घरातून केला.

पौषात वेदांत आला. मावशीनं त्याला थेट दुकानात नेलं, मीही बरोबर गेले. मोडक्या हिंदीत तो कुशलला म्हणाला, "माफ करना, भैया, मैंने देखे बिना..."

कुशलनं त्याच्याकडे पाहिलं. धमक्यांच्या त्या दिवसांत कुशल वाळला होता. "भैया, हमारे साले ने बलिया से वही वीडियो हमको भेजा था. लिखा था, जीजाजी, देखिए, कैसा राक्षस है."

मग मावशीला हसू फुटलं, गल्लीभर ऐकू जाईल असं, आणि मागोमाग कुशललाही. वेदांत मात्र मान खाली घालून उभा होता. कुशलनं त्याला ओढून बाकावर बसवलं, नाक्यावरून मलइयोचे, थंडीतल्या त्या गोड दूध-फेसाचे, चार मातीचे कुल्हड मागवले आणि पहिला त्याच्या हातात दिला.