तिघांचं यंत्र

हथखोजच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात तो वेल्डर होता आणि हुडको वसाहतीत आमच्या समोरच राहायचा. जुन्या काळी किल्ल्यांवर दगड फेकायचे, तसलं लाकडी यंत्र तो, मी आणि आणखी एक मित्र अशा आम्ही तिघांनी दर रविवारी खपून माळावर उभं केलं होतं. तो मापं वितीनंच घ्यायचा. दगड सोडण्याआधी चपला काढून बाजूला ठेवायचा, आणि दगड लांब तळ्यात पडला की अनवाणीच नाचायचा.

मग आमच्यातल्या तिसऱ्याची बदली झाली आणि तो घरदार घेऊन दूर गेला. यंत्राची लांब भुजा दोरांनी खाली ओढायला तीन माणसं लागायची. आम्ही दोघं सकाळभर ओढत राहिलो, पण ती खाली येईना.

मी म्हणालो, "भाऊ, दोघांपुरतं लहान करून टाकू ना."

घाम पुसत तो म्हणाला, "कावून? उद्या तो आला, त त्याले कोनतं काम द्याचं?"

मग तिसरा दोर त्यानं मातीतून उचलला, झटकला आणि नीट गुंडाळून खुंटीला अडकवला.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही दोघं तिथं जात राहिलो. एकही दगड उडाला नाही.