बारानंतरची भूक

फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या एका आजोबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. मी एका लॅबमध्ये काम करते, घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घेते. फोनवर मुलुंडच्या विहाराचे सचिव होते, कांबळेकाका. "ताई, भंते दार उघडत नव्हते... शेवटी तोडलं. अंग गार लागतंय हो." मी "येते" म्हणाले आणि आधी आजोबांचं रक्त घेतलं. शीर पहिल्याच टोचण्यात मिळाली. ट्यूबवर नाव लिहिलं, वेळ लिहिली, आजोबांना आता नाश्ता करा म्हणून सांगितलं. मग जिना उतरून मुलुंडची रिक्षा पकडली. माझा धाकटा भाऊ कशानं गेला हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दीड महिना झाला त्याला. लोक अजून भेटून म्हणतात, भंते झोपेत गेले, किती शांत मरण. ऐकलं की माझं डोकं सणकतं.

लोकांसाठी तो भंते होता. धम्मातलं त्याचं नाव भारदस्त होतं. मी ते कधी उच्चारलं नाही, इथेही लिहिणार नाही. माझ्यासाठी तो संजू. आम्ही मूळचे जालन्याकडचे. बाबा बसडेपोत मेकॅनिक, घर घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत. संजू पंधरा वर्षांचा असताना वस्तीतली वीसेक पोरं दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेली. मुंडण करायचं, चीवर घालायचं, भिक्षापात्र घेऊन हिंडायचं, आणि अकराव्या दिवशी चीवर उतरवून घरी यायचं, अशी पद्धत. आईनं त्या दिवशी मटण करून ठेवलं होतं. बाकीची सगळी पोरं आली, संजू आला नाही. तीन दिवसांनी आम्ही त्याला बघायला गेलो. चीवर घातलेल्याला सगळ्यांनी वंदन करायचं, त्यात आईबापही आले, आणि त्यानं मात्र उलट वाकायचं नाही, असा नियम. आई गुडघे टेकून तीनदा वाकली. संजू समोर बघत ताठ बसून राहिला. मी नाही वाकले. "याचा शेंबूड मी पुसलाय," असं मोठ्यांदा म्हणाले. बाबांनी डोळे वटारले आणि मला हाताला धरून बाहेर नेलं.

पण खोटं कशाला बोलू, त्याच्यात काहीतरी होतं. बाविसाव्या वर्षी तो पूर्ण भिक्खू झाला आणि मुलुंडचं विहार त्याच्याकडे आलं. त्याच सुमारास आमच्या वस्तीतला एक तरुण कामावर असताना इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. त्याच्या आईसोबत संजू शवागाराबाहेरच्या फरशीवर सकाळपासून बसला. ना प्रवचन, ना अनित्यतेच्या गोष्टी. नुसता बसला. भिक्खूंना दुपारी बारानंतर जेवता येत नाही; त्या अवेळच्या जेवणाला विकालभोजन म्हणतात. त्या गडबडीत त्याला कोणी विचारलंच नाही, आणि बारा टळून गेले. दिवेलागणीला ती बाई एकदम भानावर येऊन म्हणाली, "भंते, तुम्ही काही खाल्लं का?" तो "नाही" म्हणाला, आणि सकाळपासून डोळ्यांत टिपूस नसलेली ती बाई तेव्हा हंबरडा फोडून रडली. ही गोष्ट भांडुप, विक्रोळी, पार पवईपर्यंत गेली. आमचे भंते दिवसभर उपाशी बसले. तिथून माणसं त्याच्याकडे यायला लागली. कोणी दारू सोडली, कोणी कर्ज काढून लग्न करायचं सोडलं, कॉलेजची मुलं-मुली पहाटे ध्यानाला बसायला लागली. त्याच्या उपाशी राहण्यावर लोकांनी विश्वास टाकला, आणि त्यानंही तोच धरून ठेवला.

त्याच वर्षी कांदिवलीला मोठं धम्म शिबिर होतं. तिथे एक थोरले भंते आलेले, सत्तरीचे, पोटाच्या अल्सरनं बेजार. संध्याकाळी मंडपाच्या कडेला खुर्चीत बसून ते चहात बिस्कीट बुडवून खात होते. संजू माइकवरून उतरून त्यांच्यासमोर गेला. हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भंते, उपासक बघताहेत. नियम माझ्यासाठी एक आणि तुमच्यासाठी एक असा आहे का?" थोरल्या भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं. "बाळा, पोट रिकामं राहिलं की फार दुखतं रे," एवढंच म्हणाले आणि बिस्कीट बशीत ठेवून दिलं. मंडपातून आवाज उठला... साधु, साधु, साधु. त्यात माझाही आवाज होता. माझा भाऊ खरा, बाकीचे ढोंगी, असं वाटून माझा ऊर भरून आला होता. थोरले भंते महिन्याभरात मुंबई सोडून अकोल्याकडे आपल्या गावी निघून गेले. संजूचं नाव मात्र झालं. तरुण आहे पण कडक आहे, असं लोक कौतुकानं सांगायचे.

चौतिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. पहिलं रक्त मीच घेतलं होतं आणि रिपोर्टही मीच आधी पाहिला. गोळ्यांनी भागेना, दोन वेळा इन्सुलिन लागलं. डॉक्टरांनी बजावलं, इंजेक्शन घेतलं की जेवायचंच, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतेल. विहारात फ्रिज एकच, त्यात पूजेच्या फुलांशेजारी त्याचं इन्सुलिन असायचं. लोकांना वाटायचं डोळ्यांत घालायचं औषध आहे. मी त्याच्याशी भांडले, आईची शपथ घातली, डॉक्टरांपुढे रडले. "कोण बघतंय रे संध्याकाळी?" असं एकदा म्हणाले, तर तो म्हणाला, "सगळे बघतात, ताई. कांदिवलीत मीच शिकवलं ना त्यांना बघायला." मग कधी नव्हे ते बराच वेळ बोलला. थोरल्या भंतेंची माफी मागायला तो अकोल्याला गेला होता. ते आधीच वारले होते. म्हणाला, "ज्येष्ठाला चारचौघांत बोलणं हाही दोषच आहे. पण त्याबद्दल मला कोणी विचारलं नाही." आजारी भिक्खूला मध, गूळ औषध म्हणून कधीही चालतो, हेही त्यानंच मला सांगितलं. मी दुसऱ्याच दिवशी गूळ नेऊन त्याच्या कपाटात ठेवला.

शेवटी आम्ही दोघांनी मधला मार्ग काढला, म्हणजे चोरीचा. काम संपवून मी रोज सहाला डबा घेऊन जायचे. तो खोलीचं दार लावून दहा मिनिटांत जेवायचा, मी बाहेर बाकावर बसून कोणी आलंच तर "भंते ध्यानाला बसलेत" म्हणून सांगायचे. हसू नका. सहा वर्षं असं चाललं. दाराआडून कधीकधी त्याचा बारीक आवाज यायचा, "ताई, डाळीत मीठ विसरलीस." तेवढं ऐकलं की मला वाटायचं, आहे, माझा संजू अजून आहे. एरवी ज्याच्यापुढे पाचशे माणसं वाकायची, त्याला मी दोन चपात्या आणि दुधीची भाजी चोरून खाऊ घालत होते.

वर्षावासाचे, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एकाच विहारात राहण्याचे दिवस होते, रोज सातला प्रवचन. त्या संध्याकाळी मी पोचले तर त्याच्या खोलीत पाच-सहा जण बसलेले. पवईचं एक कुटुंब बाळाचं नाव ठेवायला आलेलं, सोबत कांबळेकाका. टेबलावर इंजेक्शनच्या पेनाचं टोपण पडलं होतं, म्हणजे त्यानं ते घेतलेलं होतं. संजूनं माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि नको म्हणून मान किंचित हलवली. काकांनी आपलं सहज विचारलं, "काय आणलंत, ताई?" मी म्हणाले, "लॅबची सॅम्पलं आहेत. रक्त." ती बाळाची आई पटकन अंग चोरून बाजूला झाली. संजूच्या ओठांवर हसू आलं. मला तेव्हा वाटलं, वेळ मारून नेली. पाच मिनिटं थांबून मी पिशवी घेऊन घरी आले आणि त्या चपात्या मीच खाल्ल्या. प्रवचनानंतर आठवणीनं गूळ खाईल, असं मनाशी म्हटलं, पण फोन केला नाही. लोक सांगतात, त्या दिवशीचं प्रवचन फार चांगलं झालं. मध्ये मध्ये थांबत होता, घाम पुसत होता, पण तासभर बोलला. मग माणसं भेटत राहिली, आणि शेवटी तो दार लावून झोपला. सकाळी मी त्याचं कपाट उघडलं तर गुळाचा खडा कागदात होता तसा होता.

परवा त्याची खोली आवरायला गेले. नवे भंते यायचे आहेत. कांबळेकाका एक फलक घेऊन आले, हॉलमध्ये लावायला. त्यावर त्याचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'अखेरच्या दिवसापर्यंत विकालभोजनाचा नियम न मोडणारे आमचे भंते.' ते म्हणाले, "ताई, एकदा नजर घाला. तुम्ही हो म्हटलं की लावतो." मी खाली बसले आणि काकांना सगळं सांगितलं. डबा, बाक, बंद दार, आणि त्या संध्याकाळची पिशवी. त्यात रक्त नव्हतं, चपात्या होत्या. काका खाटेच्या कडेवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आम्हाला सांगायचं होतंत हो. आम्ही काय त्यांच्या तोंडातला घास काढून घेतला असता?"

काढून घेतला असता की नसता, हे त्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. आम्ही कोणीच ते करून पाहिलं नाही. मी एवढंच म्हणाले, "ती ओळ खोडा, काका." ते म्हणाले, खोडता येणार नाही, दगडात कोरलीय, सगळा फलक नवा करावा लागेल, आणि नव्यावर लिहायचं तरी काय? मी म्हणाले, "लिहा, आमच्या भंतेंना संध्याकाळी भूक लागायची." फलक अजून त्या खोलीतच आहे, संजूच्या खाटेशेजारी, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. पुढच्या आठवड्यात नवे भंते तिथे राहायला येतील.