मृत्यूच्या रकान्यात मिस्त्री

डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'तारीख' म्हणत. "ए तारीख, मागचं चाक घे." "तारीख जेवला का?" नवा माणूस आला की आधी बुचकळ्यात पडायचा, मग तोही तारीखच म्हणू लागायचा.

तारीख टायरवाला होता. बसचं टायर रिंगवरून उतरवायचं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, ठिगळ लावायचं, परत चढवायचं. हे काम ताकदीचं आहे असं बघणाऱ्याला वाटतं. ज्या करणाऱ्यालाही तसंच वाटतं, तो दुपारपर्यंत कंबर धरून बसतो. लिव्हर कुठं घालायची हे कळलं की टायर आपण होऊन निघतं. तारीखला ते कळत होतं. तो कधी धापा टाकताना दिसला नाही, आणि त्यामुळे तो कामच करत नाही असं वेल्डरचं मत होतं.

नाव पडलं ते मात्र फळ्यावरून. गेटातून आत शिरलं की टाइम ऑफिसच्या भिंतीवर एक काळा फळा होता. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'आजचा दिनविशेष' आणि खाली तीन रकाने : जन्म, मृत्यू, घटना. पूर्वीच्या कुठल्या तरी साहेबाला कामगारांचं ज्ञान वाढवायची हौस आली होती. साहेबाची बदली झाली, हौसही सामानाबरोबर गेली, फळा तेवढा राहिला. तारीखनं तो उचलला. कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आणि नको म्हणूनही.

पहिल्या पाळीच्या आधी तो यायचा. फळा कोरड्या फडक्यानं पुसायचा, मग ओल्या. मग वाळू द्यायचा. त्याचा हिशेब साधा होता : फळा कोरडा, खडू ओला. उलटं केलं की राडा. ओल्या खडूचं अक्षर लिहिताना दिसत नाही, वाळलं की ठसठशीत उठतं. तेवढा धीर धरता आला पाहिजे. त्याच्याकडे दिनविशेषाचं एक जुनं पुस्तक होतं, दुसरं वाचनालयात होतं. दोन्हींत तारीख जुळली तरच मजकूर फळ्यावर. जुळली नाही तर तो राजा असो की शास्त्रज्ञ, त्याला त्या वर्षी जन्म नाही.

त्याची बायको म्हणायची, "घरातलं दूध कधी संपलं ते ह्यांना माहीत नसतं. फ्रान्सचा राजा कधी संपला ते पाठ."

डेपोतल्या लोकांनाही इतिहासाचं फार कौतुक होतं अशातला भाग नाही. गेटातून येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "आज कोण गेलं?" कोण जन्मलं, याची चौकशी कुणी केली नाही. जन्मणाऱ्यांची संख्या मुळात जास्तच आहे असं सगळ्यांचं म्हणणं.

आत्ताच्या साहेबांना फळा खटकत होता. त्यांना त्या जागी चकचकीत पाटी हवी होती, 'सुरक्षित काम, सुखी परिवार' वगैरे. एकदा त्यांनी तारीखला बोलावून सांगितलं, "वेळ जातो लोकांचा. गेटात घोळका होतो. एक तक्रार येऊ दे, त्या दिवशी फळा खाली."

तारीख "बरं" म्हणाला. पण त्या दिवसापासून तो जास्तच जपून लिहू लागला. दिवसभर तो जे करायचा ते सगळं गाड्यांसाठी होतं. दुरुस्त केलेलं टायर गेटाबाहेर गेलं की परत पंक्चर होऊनच यायचं. फळा तेवढा त्याचा स्वतःचा होता. फळा गेला असता तर तो नुसता टायरवाला उरला असता, आणि टायरवाले डेपोत आणखीही होते.

त्या दिवशी पंधरा एप्रिल होता. जन्म : लिओनार्दो, चित्रकार. मृत्यू : लिंकन, अमेरिकेचा अध्यक्ष. घटना : टायटॅनिक जहाज बुडालं. दोन्ही पुस्तकांत जुळलेलं, चोख.

वेल्डर डबा काखेत मारून वाचत उभा राहिला. "एवढं मोठं जहाज आणि जोड रिव्हेटचे! वेल्डिंग असतं तर बुडालं नसतं."

"तुझं वेल्डिंग असतं तर धक्क्यावरच बुडालं असतं," तारीख म्हणाला.

"आणि हा लिंकन कशानं गेला?"

"आदल्या रात्री नाटकाला गेला होता. मागून गोळी घातली. सकाळी गेला."

"नाटक कसलं होतं?"

"विनोदी."

"मग बायकोनंच नेलं असणार," असं म्हणून वेल्डर कामाला गेला.

तास-दीड तासानं बेअरिंग दाबून बसवायचा जुना प्रेस अडकला. तो प्रेस फक्त मिस्त्रींचं ऐकायचा, आणि मिस्त्री तर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. म्हणून टाइमकीपरनं त्यांच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"मिस्त्री आहेत का?"

"बाबा गेले."

टाइमकीपरला मागे रडारड ऐकू आली. "कधी?"

"आत्ता, सकाळी."

"असे अचानक?"

"अचानकच म्हणायचं. चहासुद्धा घेतला नाही."

"काही बोलले?"

"काही नाही. ह्यांच्याकडे एकदा नुसतं बघितलं आणि गेले."

टाइमकीपरला पुढे विचारवेना. "धीर धरा," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. सुनेलाही ते योग्यच वाटलं असणार, कारण सकाळपासून तिला धीराची गरज होतीच. झालं होतं असं, की मुलानं न्हाणीघरात नवा नळ बसवून घेतला होता, मिस्त्रींना न विचारता, बाहेरच्या माणसाकडून. मिस्त्रींनी नळ एकदा फिरवून पाहिला, आटे चुकलेत म्हणाले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही रिटायर झालात." मिस्त्री चपला घालून घराबाहेर पडले. रडत होता तो नातू, आणि तो शाळेत जायचं नाही म्हणून रडत होता.

दोष टाइमकीपरचाही नाही. आपल्याकडे 'मेला' हा शब्द शिवीसाठी राखून ठेवलेला आहे. खरोखर मेलेल्या माणसाला तो लावायची सोय नाही. तो 'जातो'. आणि बाजारात जाणाराही जातोच.

टाइमकीपर डोळे पुसत टायर विभागात आला. "तारीख, मिस्त्री गेले रे."

तारीखनं लिव्हर खाली ठेवली. मिस्त्रींनी त्याला कामावर घेतलं होतं. पहिल्या महिन्यात रोज घालूनपाडून बोलले होते आणि दुसऱ्या महिन्यापासून अधूनमधून. तो हात धुऊन फळ्यापाशी गेला. खडू भिजवला. मग थांबला. डेपोतल्या माणसाला फळ्यावर घ्यायचं नाही हा त्याचाच नियम होता. शिवाय दोन पुस्तकं कुठून आणायची? मिस्त्री एकाही पुस्तकात नव्हते.

"लिही की," टाइमकीपर म्हणाला. "लिंकन कोण आपला? त्याला जागा आहे आणि मिस्त्रींना नाही?"

तारीखनं लिंकनच्या खाली लिहिलं : 'आपले मिस्त्री.' ते फार उघडं वाटलं. वर्तमानपत्रात निधनवार्ता येतात तसं त्यानं पुढे जोडलं : 'मनमिळाऊ आणि मृदुभाषी होते.'

मिस्त्री आणि मृदुभाषी! त्यांनी पाना मागितला आणि कुणी चुकून पक्कड दिली तर ती पक्कड परत यायची, हवेतून. त्यांच्या शिव्यांनी गंजलेले नट सैल होतात असं म्हणत. पण गेलेल्या माणसाला मनमिळाऊ व्हावंच लागतं. त्यातून कुणी सुटत नाही.

सगळे गेटापाशी जमले. साहेबही खाली आले. मिस्त्रींचं आणि त्यांचं कधी पटलं नव्हतं. तरी साहेब म्हणाले, "मिस्त्री म्हणजे मला वडिलांच्या ठिकाणी. त्यांनी मला कधी उलट उत्तर दिलं नाही." यावर मागच्या रांगेत कुणाला तरी खोकला आला. मग साहेबांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

दोन मिनिटं व्हायच्या आत गेटातून आवाज आला.

"काय रे, सगळ्यांच्या माना एकदम मोडल्या का? कामाच्या वेळेला उभे काय राहिलात खांबासारखे?"

मिस्त्री होते. घरातून निघालेला निवृत्त माणूस जाणार कुठं? बागेत थोडा वेळ बसले, कंटाळले, डेपोत आले.

टाइमकीपर भिंतीला टेकला. वेल्डर तेवढा म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही मनमिळाऊ होता."

मिस्त्रींनी चष्मा लावला. फळ्यासमोर उभे राहून सावकाश वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. तारीखला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"हा वरचा लिंकन कोण?"

"अमेरिकेचा अध्यक्ष," तारीख म्हणाला.

"कशानं गेला?"

"गोळी घातली."

"आणि मी?"

"ते... ते कळलं नव्हतं."

"कळलं नाही तरी लिहिलंस."

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. वडिलांच्या ठिकाणचा माणूस समोर उभा राहिला की भाषण मागे घेता येत नाही. ते गरजले, "बस्स झालं. हा फळा आत्ताच्या आत्ता खाली घ्या! मिस्त्री, तुमची तक्रार द्या. मला तेवढीच हवी होती."

दोघं जण पाने घेऊन आले आणि फळ्याच्या बोल्टला हात लावून नुसते उभे राहिले. सगळ्यांचं लक्ष मिस्त्रींकडे.

"तक्रार आहेच माझी," मिस्त्री म्हणाले. "मी मृदुभाषी? कधी? कुणाशी? कुणी ऐकलंय?"

"ते नव्हे," साहेब म्हणाले. "तुम्हाला जिवंतपणी मारलं, त्याबद्दल."

"ते काय, आज ना उद्या होणारच आहे. त्यात नुसती तारीख चुकली. हे दुसरं लिहिलंय ते तर कधीच खरं होणार नाही. उद्या मी खरोखर गेल्यावर लोक म्हणतील, मिस्त्री मऊ होता. चाळीस वर्षं घसा फोडला तो कशासाठी?"

"म्हणजे फळ्याबद्दल तक्रार नाही?"

"फळ्यानं काय केलं? फळा मी बसवलाय. भिंतीत खोल घेतलेत बोल्ट. ओढून बघा, भिंत येईल."

पानेवाले दोघं लगेच बाजूला झाले. तसंही त्यांनी जोर लावलाच नव्हता.

साहेबांनी बोल्टकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं. तेव्हा तारीख पुढे झाला. त्यानं खडू टाइम ऑफिसच्या खिडकीत ठेवला. "साहेब, राहू दे. मीच सोडतो. खात्री न करता लिहिलं. मला यापुढे लिहायचा हक्क नाही."

एवढ्या वेळात मिस्त्री पहिल्यांदा खरे चिडले. "हक्क? ब्रेक कच्चा राहिला तर तू नोकरी सोडून घरी जातोस, का ब्रेक परत करतोस? चूक केली की काम सोडायचं, ही कुठली पद्धत? सोपं आहे ते. घे तो खडू! पूस ते सगळं!"

तारीख कोरडं फडकं घेऊन मिस्त्रींची ओळ पुसू लागला.

"ओळ नाही, फळा पूस. ओल्या फडक्यानं. अर्धवट पुसलं की खालचं दिसतं."

"वाळायला वेळ लागेल."

"लागू दे."

फळा पुसला गेला. मग सगळा डेपो फळा वाळायची वाट बघत उभा राहिला. साहेब घड्याळाकडे बघत होते, पण मधून निघून जायची त्यांची छाती झाली नाही. मृत माणसासाठी दोन मिनिटं दिल्यावर जिवंत माणसासाठी कमी कशी द्यायची, असंही असेल.

वाळल्यावर तारीखनं खडू भिजवून पहिल्यापासून लिहिलं. लिओनार्दो. लिंकन. टायटॅनिक. प्रत्येक अक्षर सकाळपेक्षा सावकाश. मग तो मागे सरला.

मिस्त्री म्हणाले, "आणि माझं? आता नीट लिही. तापट, असं लिही."

तारीखनं मान हलवली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"इथं यायचं तर त्या दिवशी जन्मावं लागतं, मरावं लागतं, नाहीतर जहाज बुडवावं लागतं. तुम्ही यातलं काही केलेलं नाही."

टाइमकीपरनं डोळे मिटून घेतले. कुणाच्या हातात पक्कड नाही ना, हे वेल्डरनं आधी पाहून घेतलं. मिस्त्री तारीखकडे बराच वेळ बघत राहिले. सुनेनं फोनवर सांगितलं ते बघणं हेच असावं.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "चहा सांग कुणी तरी. सकाळपासून घेतला नाही. आणि तो प्रेस कुणी अडकवलाय?"

साहेब जिना चढता चढता म्हणाले, "गेटात घोळका नको," आणि फळ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

टाइमकीपर फोनपाशी गेला. घरी कळवायला हवं होतं. सुनेचा आवाज आल्यावर त्यानं घसा साफ केला.

"मिस्त्री इकडे आलेत," तो म्हणाला. "आलेत म्हणजे, चालत आलेत. चहा पितायत. आत्ताच एकाला शिवी दिली."