अकरा चिंचोके

वासंतीअक्का चार वर्षं उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या. खुब्याचं मोडलेलं हाड नीट जुळलंच नाही. वॉकर धरून त्या स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत यायच्या, तेवढंच. जे. पी. नगरमधल्या त्या घरात तळमजल्यावर त्या एकट्या. वरच्या खोलीत मी, पुण्याहून नोकरीसाठी आलेली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावलं. समोर दोन वाट्या होत्या. एकीत दहा चिंचोके, दुसरी रिकामी.

"तू बी एकटीच न्हवं?"

"हो."

"मग आजपासून अकरा." त्यांनी डब्यातून एक चिंचोका काढून वाटीत टाकला. "रोज सकाळी साडेआठच्या आत मला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, की कट. मी उचलायची न्हाई. सरी? कळलं न्हवं?"

मला हसू आलं. "अक्का, मी सव्वीस वर्षांची आहे."

"मग? पाय घसरायला वय लागतंय व्हय?"

अक्का मूळच्या निपाणीच्या. त्यांचे भाऊ नागराज शहराबाहेर बोम्मसंद्र्यात कारखान्यात होते. निवृत्तीनंतर तिथेच एकटे राहिले आणि एकटेच गेले. कळलं तिसऱ्या दिवशी. अक्का त्याबद्दल एकदाच बोलल्या. "मरण कुणाला चुकतंय? पण तीन दिवस माणसाला कुणी हाक मारू नये?"

त्यानंतर त्यांनी वाट्या मांडल्या. एकट्या राहणाऱ्या ओळखीच्या माणसांचे नंबर गोळा केले. रिंग आली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. साडेआठनंतर एखादा उरला, तर कुणाची रिंग आली नाही ते बघून अक्का स्वतः फोन लावायच्या. तोही उचलला नाही, तर गल्लीतल्या मंजुनाथला रिक्षा घेऊन पाठवायच्या. धनलक्ष्मीअम्मा अशाच वाचल्या. न्हाणीघरात पडल्या होत्या. त्यांचा चिंचोका उरला म्हणून कळलं.

"सरळ बोलतच का नाही?" मी एकदा विचारलं.

"रोज उठून 'जित्ता हायसा न्हवं' विचारलं, तर माणूस खचतंय. रिंग दिली की त्याचं त्यालाच वाटतंय, आपण काम केलं."

बसवनगुडीचे वासुदेवराव तेवढे नियम मोडायचे. निवृत्त मास्तर. मुद्दाम तीन रिंगा द्यायचे. अक्का लगेच उलट फोन करून झाडायच्या.

"मास्तर, एक म्हणजे किती? शाळेत काय शिकवलासा?"

"हजेरी लागली का, कलेक्टरबाई?" पलीकडून हसू यायचं. मला वाटतं, त्या झाडण्यासाठीच ते तीन रिंगा देत.

"आणि तुमचा चिंचोका कुठंय?" हेही मी विचारलं होतं.

"मी हाय की हितंच. मी कुठं जातीया?"

दोघी हसलो होतो.

त्या मंगळवारी मला उशीर झाला होता. जिना उतरतानाच फोन लावला. दाराआड रिंग वाजली. मी कट केला. दुधाची पिशवी कडीला लटकत होती. ती मी पाहिली. एरवी सातलाच अक्का दारातून हात काढून ती आत घेत. रिक्षा फाटकाशी थांबली होती. मी गेले.

कामाला येणारी यल्लव्वा त्या आठवड्यात गावी गेली होती, जत्रेला.

संध्याकाळी सहाला परतले. पिशवी तिथेच होती. घरमालकांकडून किल्ली आणून दार उघडलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पडल्या होत्या. वॉकर आडवा. टेबलावर फोन. अकरा मिस्ड कॉल, सगळे साडेआठच्या आत. अकरा चिंचोके पहिल्याच वाटीत.

डॉक्टर म्हणाले, पहाटे झटका आला असावा. जीव दुपारी केव्हातरी गेला.

दुपारी. म्हणजे सकाळी आठ वाजता अक्का होत्या. टेबल त्यांच्यापासून चार हातांवर. माझी रिंग त्यांना ऐकू आली असेल. सगळ्यांच्याच आल्या असतील. एकेक वाजली आणि बंद झाली. आम्हाला तसंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली येऊन बसले. त्यांचा पुतण्या निपाणीहून अजून पोचायचा होता. इतरांना कुणी कळवलं नव्हतं. मीच कळवायचं होतं. माझा हात फोनकडे जात नव्हता.

आठला धनलक्ष्मीअम्मांची रिंग आली. एक. मी बघत राहिले. मग आणखी कुणाची तरी. ती बंद झाल्यावर माझा हात आपोआप वाटीकडे गेला, तो मी मागे घेतला.

मग वासुदेवराव. पहिली रिंग. दुसरी. तिसरी. मी उचलला.

"अहो कलेक्टरबाई! उचललात? नियम कुणाचा?"

"काका, मी सुखदा. वरच्या खोलीतली."

"बरं. मग त्यांना दे की. काल झाडलं नाही त्यांनी मला."

मी सांगितलं. चारच वाक्यं झाली.

मग ते म्हणाले, "काल तीन रिंगा दिल्या मी. उलट फोन आला नाही. मला वाटलं, रुसल्या."

मला त्यांना दुधाच्या पिशवीबद्दल सांगायचं होतं. सांगता आलं नाही.

अजून नऊ जणांना कळवायचं होतं. वासुदेवरावांनी फोन कट केला नाही. मीही केला नाही.